शेवटच्या गाण्यातला ठोका

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तसा मी बोलण्यात कमी पडणारा माणूस नाही. अंबरनाथ-बदलापूरकडे परदेशी संगीतावर बोलायला कुणाला बोलवायचं असा प्रश्न निघाला, की माझंच नाव निघतं. हातात कागद न घेता मी दीड-दोन तास बोलतो आणि लोक घड्याळ बघत नाहीत. पण ही एक गोष्ट तोंडाशी येऊन थांबायची. का थांबायची, ते मला चांगलं ठाऊक आहे. जरा मागून सुरू करतो — चालेल ना?

मी बदलापूर गावातला. आमच्या घरात संगीत म्हणजे एकादशीचं भजन आणि लग्नातला बेंजो. त्या घरातल्या मुलाला विशीत एक कॅसेट मिळाली आणि तो कामातून गेला. अल्बमचं नाव मुद्दाम सांगत नाही. माझ्यामुळे आधीच खूप जणांनी तो माझ्या कानांनी ऐकलाय, त्यात आणखी भर नको.

परदेशातल्या एका माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला अल्बम. रॉकच, पण गिटारपेक्षा यंत्रं जास्त. पत्रे आपटल्यासारखे ढोल, घासल्या जाणाऱ्या लोखंडाची किंचाळी, आणि या सगळ्याच्या खालून एक माणूस कुजबुजतो. कुजबुजता कुजबुजता ओरडायला लागतो. गाण्यागणिक तो आतून ढासळत जातो — आधी राग, मग किळस, मग नुसता थकवा. गोड असं काही नाही. जगभरच्या कितीतरी बँडनी पुढे त्याची नक्कल केली, पण एकाला जमली नाही, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. आम्हाला तो परका का वाटला नाही, माहितीये? अंबरनाथच्या एमआयडीसीतून सायकल काढत गेलात की डाव्या हाताला हाच आवाज, उजव्या हाताला हाच आवाज. कुणीतरी आमच्या रस्त्याची गाणी केली होती.

आणि शेवटचं गाणं. सगळा गोंधळ ओसरतो, उरतो फक्त एक पियानो आणि तो माणूस. सूरही धड लागत नाही त्याचा. आणि त्या शांततेत, खूप खोल, भिंतीपलीकडून आल्यासारखा एक ठोका — धप्, धप्, धप् — पाच-सहा ठोके, मग थोडी उसंत, मग पुन्हा. मध्ये एकदाच एक अस्पष्ट सुस्कारा.

या ठोक्यावर मी लेख लिहिला. एका लहानशा मराठी मासिकात आला. त्यात मी म्हटलं होतं की अख्ख्या अल्बमभर जे यंत्र माणसाला चिरडत आलं, त्यालाच शेवटी काळीज फुटतं. तो ठोका म्हणजे यंत्राचं काळीज, मधली उसंत म्हणजे त्याचं चाचरणं, आणि तो सुस्कारा — सुस्काऱ्यावर मी अर्धं पान खर्च केलं होतं. खोटं कशाला बोलू, लेख उत्तम होता. आजही वाचला तरी उत्तम वाटतो. त्या लेखाने मला नाव दिलं. अंबरनाथ पूर्वेला एका क्लासच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमची ऐकण्याची बैठक भरू लागली. पंधरा-वीस जण यायचे, बाकांवर बसायचे, आणि मी फळ्यापुढे उभा राहून बोलायचो.

आता सुनील. माझा मित्र. आम्ही आयटीआयला एका बाकावर होतो. पुढे मी डिप्लोमा करून ड्रॉइंग ऑफिसात लागलो आणि तो घरच्या गरजेपायी लगेच एमआयडीसीत, पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसवर. पण त्याचा कान! जयंतीला त्यांच्या वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम व्हायचा तेव्हा मिक्सरवर सुनीलच बसायचा. गाणाऱ्या बाईंचा आवाज बसलाय हे तिच्याआधी त्याला कळायचं. ढोलकीची एक बाजू ढिली पडलीये, हे तो मंडपाच्या मागून सांगायचा. तो अल्बम मी त्याला ऐकवला तेव्हा पहिल्या गाण्यानंतर त्याने कॅसेट थांबवली आणि म्हणाला की यातला एक आवाज प्रेसचा आहे, पण प्रेस रिकामा चालवलाय, खाली पत्रा नाही. पुढे कुठेतरी वाचनात आलं की तो खरोखर कारखान्यात जाऊन रेकॉर्ड केलेला आवाज होता. तेव्हा कळायला हवं होतं ना मला, दोघांतला कान कुणाचा आहे ते?

कळलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

माझी कॅसेट उल्हासनगरची होती. तुमच्या लक्षात आलंच असेल, मूळ कॅसेट घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि ती इकडे मिळतही नव्हती. कॅम्पातल्या एका गल्लीत गोपशेठ म्हणून एक सिंधी गृहस्थ कॅसेटी भरून द्यायचे. बोटीवर काम करणारं एक गिऱ्हाईक मूळ कॅसेट त्यांच्याकडे ठेवून गेलं होतं, तिच्यावरून त्यांनी मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिली. वर विचारलंही होतं, बेटा, ये बिगड़ी हुई तो नहीं है ना?

लेख छापून आल्यावर काही महिन्यांनी, एका दुपारी, मी कोऱ्या कॅसेटी घ्यायला त्यांच्याकडे गेलो. गोपशेठ गल्ल्यावर बसून जांभया देत होते. आणि मागच्या भिंतीतून — धप्, धप्, धप्. पाच-सहा ठोके. मग उसंत. मग पुन्हा.

मी तिथेच उभा राहिलो. मागे काय आहे, असं विचारलं, तर म्हणाले जीन्सचा कारखाना, पँटीला बटणं ठोकतात. मग मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं की तुमच्या टेपमध्ये तो आवाज जातो का. गोपशेठ हसले. म्हणाले, “माइक खुला रह गया तो जाएगा ना. सत्संग का रिकॉर्डिंग करता हूं, कभी-कभी बंद करना भूल जाता हूं.”

एवढंच होतं. बाकीच्या गाण्यांच्या धुमाकुळात तो ठोका बुडून गेला होता आणि शेवटच्या शांत गाण्यात वर आला होता. यंत्राचं काळीज म्हणजे उल्हासनगरचा बटण ठोकायचा प्रेस. आणि ज्या सुस्काऱ्यावर मी अर्धं पान लिहिलं, ती गोपशेठची जेवणानंतरची जांभई.

तुम्हाला हसू येतंय? येऊ द्या. मलाही येतं. तेव्हाही रस्त्यात एकट्याला आलं होतं. त्याच रविवारी बैठकीत हे सांगितलं असतं तर पोरं बाकांवरून पडेपर्यंत हसली असती आणि दोन आठवड्यांत विसरली असती. चूक कुणाकडूनही होते, आणि ही तर मोठी मजेदार चूक होती. पण मी सांगितलं नाही. घरी आलो, जेवलो, आणि मनाशी म्हटलं, कोण तपासायला बसलंय?

सुनील बसला होता.

त्याच्या मावसभावाकडे कल्याणला त्या अल्बमची सीडी आली. सुनीलने ती दोनदा ऐकली आणि पुढच्या रविवारी बैठकीला आला. सगळे बसलेले, मी फळ्यापुढे. तो मागच्या बाकावरून साधेपणाने म्हणाला, “दिल्या, तो ठोका सीडीवर नाहीये. तो आपल्याकडचा आहे, बटण मारायच्या प्रेसचा.”

मला खोटं पाडायचा त्याचा हेतू नव्हता. तो खूश होता, त्याला काहीतरी सापडलं होतं. तो सांगत राहिला — प्रेस पायाने दाबायचा आहे, चालवणारा माणूस एकच आहे आणि तो दमलाय. पाच-सहा बटणं झाली की पुढची पँट ओढून घ्यायला थांबतो, आणि गाण्याच्या शेवटी शेवटी तर त्याचं थांबणं लांबत जातं. एवढं सगळं त्याने माझ्याच कॅसेटवरून ऐकलं होतं. मी जिथे यंत्राचं काळीज ऐकलं तिथे त्याने एक माणूस ऐकला होता. खरा लेख तो होता, आणि तो तोंडी, मागच्या बाकावरून, फुकट देऊन टाकत होता.

मी काय करावं? मला बोलता येतं, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. मी हसलो आणि म्हणालो, “सुन्या, आठ-आठ तास प्रेसवर बसलास की बायकोच्या बांगड्यांतही प्रेसच ऐकू येणार. कान दाखवून घे एकदा.”

पंधरा-वीस जण खदखदून हसले. सुनीलही हसला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. मग मी गंभीर होऊन समजावलं की कॅसेटवर दबलेले आवाज फुगून वर येतात, सीडी स्वच्छ असते, तिच्यात तो ठोका फार खोल आहे, त्याला कान लागतो. हे मी त्या क्षणी रचलं. कुठेही अडखळलो नाही.

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती — पण थांबवलं मात्र नाही. सुनीलच्या मावसभावाची ती सीडी हातोहात फिरली. पुढच्या रविवारी एक जण म्हणाला की ठोका आहे, अगदी बारीक आहे, पण आहे. मग दुसऱ्यालाही ऐकू आला. तिसऱ्याला तर सुस्कारासुद्धा ऐकू आला. कान लागतो म्हटल्यावर कान नाही असं कोण कबूल करेल? महिन्याभरात आमच्या बैठकीत तो ठोका ऐकू न येणारा एकच माणूस उरला.

तो कान दाखवायला गेला. उल्हासनगरला, कानाच्या डॉक्टरकडे. मला म्हणाला, चल रे सोबत. मी गेलो. होय, गेलो! बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. आत त्याला हेडफोन लावून निरनिराळे आवाज ऐकवले आणि एक कागद दिला. येताना रिक्षात तो कागद माझ्या हातात होता. प्रेसवरच्या माणसांचं होतं तेच झालं होतं. बारीक, टोकदार आवाज थोडे कमी झाले होते. पण जाड, खोल आवाज त्याला उत्तम ऐकू येत होते, आलेखाची रेघ तिथे अगदी सरळ होती. ठोका कसला असतो? जाड, खोल. तो बरोबर आहे याचा पुरावा माझ्या हातात होता, डॉक्टरच्या सहीचा. मला तो वाचता येत होता, त्याला नाही. त्याने विचारलं काय लिहिलंय, आणि मी सांगितलं की कान थोडे गेलेत. हे खोटं नव्हतं. असं खोटं बोलायला मला फार छान जमतं.

तरीही मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. हे सगळं त्याच्या अलीकडचं.

त्याच सुमारास कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने सुनीलला जयंतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं — म्हणजे त्याने लावलेला आवाज ऐकला होता — आणि विचारलं होतं की आमच्याकडे कायमचा मिक्सरवर येतोस का. प्रेस सुटणार होता. सुनीलला दुसरं काही नको होतं. त्याच्या बायकोने, वंदनाने, घरात सांगूनही टाकलं होतं. आठवड्यात कळवायचं होतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तो ड्युटी संपवून तसाच बदलापूरला आला, हाताला ऑइलचा वास. बारवी धरणाच्या रस्त्याला एका टपरीवर आम्ही चहा घेतला. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. मग कप खाली ठेवला आणि म्हणाला, “दिल्या, लोकांचं सोड. तू खरं सांग. तो ठोका सीडीवर आहे ना?”

आजूबाजूला कुणी नव्हतं. ना बैठक, ना फळा, ना हसणारी पोरं. माझं नाव जाईल अशी भीतीही त्या टपरीवर नव्हती, त्याने कुणाला सांगितलं नसतं. तो मला खिंडीत पकडत नव्हता. दुसऱ्यांच्या गाण्याची जबाबदारी घ्यायच्या आधी तो आपला कान तपासत होता, आणि त्यासाठी त्याला जगात माझा एकट्याचा भरवसा होता.

मी म्हणालो, “आहे.”

तो बरं म्हणाला. चहा संपवला. दुसऱ्या दिवशी त्याने ऑर्केस्ट्रावाल्याला ‘नाही’ म्हणून कळवलं. मला नंतर म्हणाला, समोरचं ऐकू येत नसताना मिक्सरवर बसणं म्हणजे गाणाऱ्याला फसवणं आहे, ते आपल्याला नाही जमणार.

सुनील पुढची एकोणीस वर्षं प्रेसवर होता. जयंतीला मिक्सरवर बसणंही त्याने सोडलं, त्या जागी दुसरा कुणी आला. कान जायचे ते आता खरोखर गेले. आधी बारीक आवाज, मग माणसांचं बोलणं, मग दारावरची बेल. वंदनावहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या की तुम्ही त्यांना वेळेत डॉक्टरकडे नेलंत म्हणून निदान कळलं तरी. त्यांनी मला तेव्हा पोहे दिले होते. मी ते खाल्ले.

आणि माझं? माझं उत्तम चाललं. तो लेख दोनदा पुन्हा छापला गेला. आता मुलं फोनवर सगळं ऐकतात, तरी मागच्या वर्षी एका कॉलेजात मी त्या शेवटच्या गाण्यावर बोललो. फोनमध्ये तो ठोका अजूनच दबतो, असं सांगितलं. भाषणानंतर एक मुलगी कानातले इयरफोन काढत जवळ आली आणि म्हणाली की ऐकू आला, सर. मी तिला शाबासकी दिली. आतून मला स्वतःची किळस आली, हेही खरं, पण शाबासकी दिली हे आधी.

गेल्या महिन्यात मी सुनीलकडे गेलो होतो. पालेगावात मुलीने फ्लॅट घेतलाय, तिच्याकडे असतो. दोन्ही कानांना मशीन आहे. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मुलीने आमच्या जुन्या दिवसांच्या कौतुकापायी तो अल्बम मोठ्या स्पीकरवर लावला, अगदी स्वच्छ, नवी प्रत. आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. मोठ्या आवाजाच्या गाण्यांना सुनील मशीन कमी करून नुसता मान हलवत राहिला. शेवटचं गाणं लागलं तेव्हा त्याने दोन्ही मशीन नीट लावली आणि पुढे वाकला.

पियानो सुरू झाला. तो माणूस गाऊ लागला. त्या पलीकडे काही म्हणजे काही नव्हतं. आणि सुनीलचं बोट टेबलावर पडू लागलं. पाच-सहा ठोके. थोडी उसंत. मग पुन्हा. बरोबर तिथेच, जिथे माझ्या कॅसेटवर होते. शेवटाकडे त्याचं थांबणंही लांबत गेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा इतका उजळला होता, की मला बघवेना.

“तू बोललास ते बरोबर होतं रे,” तो म्हणाला. “आता मला पण येतो ऐकू.”

मी हात पुढे केला आणि टेबलावर त्याच्याबरोबर ठोका धरला. गाणं संपेपर्यंत.